ब्राउझर खेळांतील प्लगइन व संथ लोडिंगच्या अडचणी

ब्राउझर खेळ म्हणजे संगणकावर वेगळा बसवावा न लागता ब्राउझरच्या, अर्थात न्याहाळकाच्या, खिडकीतच खेळता येणारा संगणकीय खेळ होय. असा खेळ उघडताना प्रामुख्याने दोन प्रकारच्या अडचणी येतात. खेळ लोड होण्यास फार वेळ लागणे किंवा तो अर्ध्यावर थांबणे ही पहिली. खेळासाठी लागणारे प्लगइन ब्राउझरमध्ये नसणे, जुने असणे किंवा ब्राउझरने ते रोखलेले असणे ही दुसरी. दोन्ही अडचणी पडद्यावर पुष्कळदा सारख्याच दिसतात. पानाच्या मध्यभागी एक रिकामा, करडा चौकोन उरतो. त्यामुळे एका अडचणीवर दुसरीचा उपाय केला जातो. २०२१ पासून हा घोळ अधिक महागात पडू लागला आहे, कारण प्रमुख ब्राउझरांतून खेळांच्या प्लगइनची सोयच काढून टाकण्यात आली असून ‘खेळण्यासाठी प्लगइन बसवा’ असे सांगणाऱ्या पानांकडे आज संशयानेच पाहावे लागते.

संज्ञा

प्लगइन हा ब्राउझरला बाहेरून जोडला जाणारा स्वतंत्र प्रोग्राम असतो. ब्राउझरला स्वतःला न समजणारी संचिका पानावर आली की ब्राउझर पानातील एक चौकोन प्लगइनच्या स्वाधीन करी. त्या चौकोनात काय रंगवायचे, कोणता आवाज काढायचा, कळफलकाला कसा प्रतिसाद द्यायचा हे सर्व प्लगइनच ठरवी. वाड्यातील एखादी खोली भाडेकरूला द्यावी आणि त्या खोलीला रस्त्याकडे उघडणारे स्वतंत्र दारही असावे, तशी ही व्यवस्था होती. मालकाने वाड्याचा दरवाजा कितीही नीट लावला तरी भाडेकरूच्या दाराला कडी आहे की नाही, यावर साऱ्या वाड्याची सुरक्षितता अवलंबून राही. फ्लॅश प्लेअर, शॉकवेव्ह, जावा, सिल्व्हरलाइट आणि युनिटी वेब प्लेअर ही खेळांसाठी वापरली गेलेली प्रमुख प्लगइने होत.

प्लगइन आणि विस्तार म्हणजे एक्स्टेन्शन या दोन गोष्टी निराळ्या आहेत. जाहिराती रोखणारे किंवा पानाचे भाषांतर करणारे विस्तार ब्राउझरने आखून दिलेल्या मर्यादेतच चालतात आणि ते आजही सर्वत्र वापरात आहेत. बोलण्यात मात्र दोहोंना सरसकट ‘प्लगइन’ म्हटले जाते. निदान करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक असते, कारण आजच्या खेळांना प्लगइन नसल्याने अडचण येत नाही. एखादा विस्तार असल्याने मात्र ती येऊ शकते.

पार्श्वभूमी

आरंभीचे ब्राउझर मजकूर आणि स्थिर चित्रे यांपलीकडे फारसे काही दाखवू शकत नसत. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर बाहेरचे प्रोग्राम जोडण्याची एनपीएपीआय ही पद्धत आली. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत अ‍ॅक्टिव्हएक्स ही स्वतःची पद्धत आणली. त्याच वर्षी फ्यूचरवेव्ह या कंपनीने फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर हे हलत्या चित्रांचे साधन बाजारात आणले. मॅक्रोमीडियाने ती कंपनी विकत घेऊन साधनाचे नाव फ्लॅश ठेवले. डिसेंबर २००५ मध्ये मॅक्रोमीडिया अ‍ॅडोबीच्या ताब्यात गेली आणि ‘अ‍ॅडोबी फ्लॅश प्लेअर’ हे नाव घरोघरी पोहोचले.

फ्लॅशच्या यशाचे कारण त्याच्या रेखाचित्र पद्धतीत होते. चित्रातील प्रत्येक ठिपक्याची नोंद ठेवण्याऐवजी फ्लॅश रेषा, वक्र आणि रंग यांची सूत्रे साठवी. परिणामी काहीशे किलोबाइटांत एक संपूर्ण खेळ मावत असे. दूरध्वनीच्या तारेवरून आंतरजाल वापरणाऱ्यांना याचा मोठा आधार होता. फेसबुकवर जून २००९ मध्ये सुरू झालेला फार्मव्हिल हा शेतीचा खेळही फ्लॅशवरच चालत असे.

महाराष्ट्रातील वापर

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा सुरू केली. पुढील दहा वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी आंतरजाल म्हणजे मुख्यतः दूरध्वनीला जोडलेला मोडेम किंवा तासावर पैसे मोजून बसण्याचा सायबर कॅफे. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने ‘डेटावन’ या नावाने ब्रॉडबँड सेवा आणली. त्याआधीच्या वर्षी जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग देणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले होते. ही किमान मर्यादा जुलै २०१३ मध्ये ५१२ किलोबिटांवर आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिटांवर नेण्यात आली.

मुंबई हे भारतातील ब्राउझर खेळांच्या व्यवसायाचे महत्त्वाचे केंद्र ठरले. रिलायन्स अनिल अंबानी समूहाने २००६ मध्ये झपक हे खेळांचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्याच नावाचे गेमिंग कॅफेही काढले. गेम्स२विन ही मुंबईचीच दुसरी कंपनी. तिने फ्लॅशवरील छोट्या खेळांपासून आरंभ करून पुढे मोबाइल खेळांकडे मोर्चा वळवला. राज्याबाहेरच्या संकेतस्थळांत मिनिक्लिप विशेष परिचित होते.

सायबर कॅफे आणि शाळांच्या संगणक कक्षांत एक खास अडचण उद्भवे, तिची नोंद क्वचितच घेतली जाते. विषाणू आणि विद्यार्थ्यांची खोडसाळ ढवळाढवळ यांपासून बचाव म्हणून अनेक ठिकाणी डीप फ्रीझसारखे प्रोग्राम बसवलेले असत. संगणक पुन्हा सुरू झाला की असा प्रोग्राम तबकडीला मूळ अवस्थेत नेऊन ठेवतो. त्यामुळे काल बसवलेली फ्लॅशची नवी आवृत्ती आज नाहीशी होई, ब्राउझरने साठवून ठेवलेल्या खेळाच्या संचिका पुसल्या जात आणि तोच खेळ रोज पहिल्यापासून उतरवावा लागे. दहा-पंधरा संगणक एकाच जोडणीवर असले की हे काम एकाच वेळी दहा-पंधरा ठिकाणी चाले. ‘आपल्याकडे नेट स्लो आहे’ ही तक्रार खरी असली, तरी तिचे कारण पुष्कळदा तारेत नसून तबकडीत असे. भारनियमनाच्या काळात वीज गेली की हा क्रम दिवसातून एकाहून अधिक वेळाही घडे.

संथ लोडिंगची कारणे

खेळ लोड होण्याचा काळ मुख्यतः दोन गोष्टींनी ठरतो. जोडणीची रुंदी, म्हणजे सेकंदाला किती माहिती येऊ शकते, ही एक. आणि फेरीचा काळ, म्हणजे मागणी सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ, ही दुसरी. जाहिरातीत सांगितला जातो तो केवळ पहिल्या गोष्टीचा आकडा.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. वेग बिटांत आणि संचिकेचा आकार बाइटांत मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, एवढे लक्षात ठेवावे. ५६ किलोबिटांच्या मोडेमवर सेकंदाला सुमारे ५ किलोबाइट पदरात पडत. त्या वेगाने ५ मेगाबाइटांचा खेळ उतरण्यास सुमारे १७ मिनिटे लागत. २५६ किलोबिटांवर तोच खेळ २ मिनिटे ४० सेकंदांत येई. २ मेगाबिटांवर त्यास २० सेकंद पुरतात. परंतु दरम्यानच्या काळात खेळच वाढले. त्रिमितीय चित्रे असलेल्या आजच्या एखाद्या ब्राउझर खेळाचा आकार ५० मेगाबाइट असला तर २ मेगाबिटांच्या जोडणीवर त्याला ३ मिनिटे २० सेकंद लागतील. किमान ब्रॉडबँडची व्याख्या आठपट झाली, पण खेळ दहापट झाला. ताटकळणे होते तेवढेच राहिले.

फेरीच्या काळाचा संबंध भूगोलाशी आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सांगली आणि मिरज यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील विश्रामबाग या उपनगराचे उदाहरण घेता येईल. विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे या परिसरात विद्यार्थ्यांचा राबता मोठा आहे. विश्रामबागेतून मुंबईपर्यंतचे अंतर रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास. मुंबईतील सर्व्हरकडे जाऊन येण्यास प्रकाशाला सुमारे ४ मिलिसेकंद लागतील. प्रत्यक्षात वाटेतील यंत्रांमुळे त्याहून बराच जास्त काळ लागतो, तरी तो खेळाडूला जाणवत नाही. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असला, तर सरळ रेषेतील अंतरच साडेबारा हजार किलोमीटरांच्या घरात जाते आणि केवळ प्रकाशाच्या प्रवासाला जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागतात. समुद्रतळावरील तारेचा वळसा आणि वाटेतील थांबे धरता हा काळ २०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. कोणतीही महागडी योजना घेतली तरी हे अंतर कमी होत नाही.

एकाच मोठ्या संचिकेसाठी हा विलंब क्षुल्लक आहे. पण खेळ ६० लहान संचिकांत विभागलेला असून त्या एकामागून एक मागवल्या जात असतील, तर २५० मिलिसेकंदांच्या फेरीने केवळ वाट पाहण्यातच १५ सेकंद जातात. एचटीटीपीच्या जुन्या पद्धतीत ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी साधारणपणे सहा जोडण्या उघडतात. त्यामुळे प्रत्यक्षात हा काळ अडीच सेकंदांपर्यंत उतरतो. २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/२ मध्ये एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकत्र पाठवता येतात. खेळाच्या प्रती जगभर ठिकठिकाणी ठेवणारी सीडीएन ही व्यवस्था फेरीच लहान करते. मुंबईत अशी प्रत असलेला परदेशी खेळ सांगलीत झटकन उघडतो आणि पुण्यात तयार झालेला, पण सर्व्हर अमेरिकेत असलेला खेळ रेंगाळतो, याचे कारण हेच.

सागरी तारांवरील हे अवलंबित्व ३० जानेवारी २००८ रोजी ठळकपणे दिसून आले. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन तारा तुटल्या. दोन्ही तारा मुंबईत किनाऱ्याला लागतात. भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या क्षमतेचा मोठा भाग त्या दिवशी बंद पडला आणि परदेशी संकेतस्थळे कित्येक दिवस रखडत चालली. त्या काळात घरचा संगणक दुरुस्तीला नेऊनही उपयोग नव्हता.

आजच्या खेळांत तिसरे कारणही भर घालते. उतरलेला खेळ ब्राउझरला यंत्राच्या भाषेत आणावा लागतो, चित्रे उलगडून चित्रपत्रकात म्हणजे ग्राफिक्स कार्डात भरावी लागतात. लोडिंगची पट्टी ९० टक्क्यांवर येऊन थबकते ती बहुधा येथे. ४ गिगाबाइट स्मृती असलेल्या संगणकावर पंधरा-वीस टॅब उघडे असतील, तर उपाय जोडणीत शोधू नये. टॅब बंद करावेत.

देवनागरी मजकूर आणि फ्लॅश

मराठी वापरकर्त्यांची एक अडचण इंग्रजी मार्गदर्शनात आढळत नाही. फ्लॅशच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना देवनागरीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळवता येत नसत. ‘विद्यार्थी’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाई, तर रफार भलत्याच अक्षरावर बसे किंवा सुटा पडे. २००८ मध्ये आलेल्या फ्लॅश प्लेअर १० मधील नव्या मजकूर यंत्रणेने भारतीय लिप्यांना आधार दिला. तोवर मराठी खेळ व शैक्षणिक पाठ तयार करणाऱ्यांपुढे दोनच वाटा होत्या: मजकुराचे चित्र करून टाकणे, किंवा युनिकोड नसलेला जुना टंक वापरणे. अशा टंकात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. टंक सापडला नाही की पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक कल्लोळ दिसे.

पहिल्या वाटेने संचिकेचा आकार वाढला, कारण प्रत्येक वाक्य चित्र म्हणून वाहून आणावे लागे. दुसऱ्या वाटेचा परिणाम अधिक दूरगामी ठरला. अशा पाठांतील मजकूर शोधयंत्रांना वाचता येत नाही, त्याची नक्कल करून तो दुसरीकडे नेता येत नाही आणि फ्लॅश बंद झाल्यावर तो नव्या स्वरूपात आणायचा तर पुन्हा टंकलिखित करावा लागतो. इंग्रजी पाठांच्या तुलनेत मराठी पाठांचे रूपांतर त्यामुळे अधिक खर्चिक पडते आणि अनेकदा होतच नाही.

प्लगइनचा अस्त

प्लगइन मागे पडण्याची कारणे तीन: सुरक्षितता, मोबाइल आणि पर्यायांची उपलब्धता. पैकी पहिले निर्णायक होते. फ्लॅश आणि जावा यांतील त्रुटी हल्लेखोरांच्या विशेष आवडीच्या होत्या, कारण एक त्रुटी सापडली की ती सर्व ब्राउझरांत चाले. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक या घातक प्रोग्रामने जावातील त्रुटीचा फायदा घेत सुमारे ६ लाख मॅक संगणक बाधित केले. त्याआधी तोच प्रोग्राम फ्लॅशची स्थापना-संचिका असल्याचे भासवून पसरत असे आणि त्यावरूनच त्याला ते नाव पडले.

अ‍ॅपलने आयफोनवर फ्लॅश कधीच येऊ दिला नाही. २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी त्यामागची कारणे खुल्या पत्रातून मांडली. अ‍ॅडोबीने नोव्हेंबर २०११ मध्ये मोबाइलवरील फ्लॅशचा विकास थांबवण्याचे जाहीर केले. दरम्यान मार्च २०११ मध्ये वेबजीएल आले आणि ब्राउझरला प्लगइनविना त्रिमितीय चित्रे काढता येऊ लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल५ प्रमाणित झाले. २०१७ अखेर चारही प्रमुख ब्राउझरांत वेबअसेम्ब्ली चालू लागले.

गुगल क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये एनपीएपीआय प्लगइने आपोआप चालणे बंद केले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांचा आधारच काढून टाकला. युनिटी वेब प्लेअर आणि जावा यांवरील खेळ क्रोममध्ये तेव्हाच बंद पडले; फ्लॅश क्रोममध्ये वेगळ्या पद्धतीने अंतर्भूत असल्याने वाचला. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश वगळता इतर प्लगइनांना निरोप दिला. २५ जुलै २०१७ रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅशचा शेवट जाहीर केला आणि सर्वांना साडेतीन वर्षांची मुदत दिली. शॉकवेव्ह एप्रिल २०१९ मध्ये थांबले. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, फार्मव्हिलही त्याच दिवशी बंद झाले. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच मजकूर चालवणे नाकारले. अखेरच्या आवृत्त्यांत तशी योजनाच करून ठेवलेली होती.

ही अडचण खेळांपुरती नव्हती. महाराष्ट्रात ई-निविदा भरताना डिजिटल सहीसाठी जावाची गरज पडत असे. क्रोमने प्लगइन बंद केल्यावर अशा कामांसाठी इंटरनेट एक्सप्लोरर जपून ठेवण्याची वेळ आली. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याने तर जानेवारी २०२१ मध्ये आपले फ्लॅशवरील अर्ज उघडण्यापुरता स्वतंत्र ब्राउझर काढला. शिक्षणक्षेत्रातील दोन रूपांतरे मात्र वेळेत झाली. मुलांना खेळ रचण्यास शिकवणारे स्क्रॅच जानेवारी २०१९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीसह फ्लॅशमधून बाहेर पडले. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट हे विज्ञानाच्या प्रतिकृतींचे संकेतस्थळ जावा व फ्लॅशवरून टप्प्याटप्प्याने एचटीएमएल५ वर आले. त्यातील अनेक प्रतिकृती मराठीतही आहेत.

निदान

खेळ उघडत नसेल तर प्रथम तो कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवावे. चौकोनात कोड्याच्या तुकड्याचे चिन्ह किंवा प्लगइन नसल्याची सूचना दिसत असेल, तर खेळ जुन्या प्रकारचा आहे आणि जोडणी कितीही वेगवान असली तरी तो उघडणार नाही. लोडिंगची पट्टी, टक्केवारी किंवा फिरते वर्तुळ दिसत असेल तर खेळ नव्या प्रकारचा असून पुढील तपासणीला अर्थ आहे.

पहिली तपासणी खासगी खिडकीत खेळ उघडण्याची. या खिडकीत बहुतेक विस्तार बंद असतात आणि साठवलेल्या जुन्या संचिका वापरल्या जात नाहीत. खेळ तेथे नीट चालला तर दोष विस्ताराचा किंवा सयीचा म्हणजे कॅशचा असतो. मग विस्तार एकेक करून बंद करावेत. जाहिरात रोखणाऱ्या विस्तारांवर पहिला संशय घ्यावा. अनेक खेळ जाहिरात येईपर्यंत पुढे सरकत नाहीत आणि जाहिरात तर रोखलेली असते. सय टाळून पान पुन्हा उघडण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबाव्यात.

येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. ‘ब्राउझर साफ करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु साफ करण्याच्या यादीत साठवलेली चित्रे व संचिका आणि कुकीज व संकेतस्थळांची माहिती असे दोन निराळे पर्याय असतात. सर्व्हरवर खाते न उघडता खेळलेल्या खेळातील प्रगती दुसऱ्या पर्यायाखालीच साठलेली असते. तो निवडला की महिनोन् महिने खेळलेला खेळ पहिल्या पायरीवर येतो आणि परत मिळवता येत नाही. फ्लॅशच्या काळात ही प्रगती ब्राउझरबाहेरच्या स्वतंत्र संचिकांत राही, म्हणून जुन्या सवयीच्या वापरकर्त्यांना हा बदल चकवतो. साठवलेली चित्रे व संचिका एवढाच पर्याय निवडणे पुरेसे असते.

खासगी खिडकीतही खेळ रखडत असेल, तर तोच खेळ त्याच जोडणीवर दुसऱ्या यंत्रावर, उदाहरणार्थ मोबाइलवर, उघडून पाहावा. तेथेही रखडला तर दोष जोडणीचा किंवा सर्व्हरचा. याची उकल ब्राउझरमध्येच असलेल्या विकसक साधनांनी होते. संगणकावर एफ१२ ही कळ दाबून ‘नेटवर्क’ हा भाग उघडावा आणि पान पुन्हा लोड करावे. प्रत्येक संचिकेपुढे एक पट्टी दिसते. पट्टीचा बहुतांश भाग वाट पाहण्याचा असेल तर सर्व्हर दूर आहे किंवा त्याच्यावर ताण आहे. बहुतांश भाग उतरवण्याचा असेल तर जोडणी अरुंद आहे. लाल अक्षरांत दिसणारी संचिका सर्व्हरवर सापडलेली नसते किंवा ब्राउझरने रोखलेली असते. काही वेळा सर्व्हर दाबून लहान केलेली संचिका पाठवतो, पण ती दाबलेली असल्याचे ब्राउझरला सांगत नाही; अशा खेळाची पट्टी पूर्ण भरूनही खेळ सुरू होत नाही. हा दोष दुरुस्त करणे संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हातात असते, खेळाडूच्या नव्हे.

दुसऱ्या यंत्रावर खेळ नीट चालत असेल तर दोष संगणकात शोधावा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर प्रवेग बंद असला तर चित्रांचे सारे काम मुख्य प्रक्रियकावर पडते आणि खेळ अडखळत चालतो. क्रोममध्ये पत्त्याच्या जागी ‘क्रोम’ या शब्दापुढे विसर्गचिन्ह, दोन तिरप्या रेषा आणि ‘जीपीयू’ ही अक्षरे रोमन लिपीत लिहिली की वेबजीएलची स्थिती कळते. जुन्या संगणकांत आणखी एक साधा दोष आढळतो. आतील बटणाच्या आकाराची बॅटरी संपली की संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, ब्राउझरला सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध वाटतात आणि एकही खेळ उघडत नाही. वीस-पंचवीस रुपयांच्या बॅटरीचा हा प्रश्न कित्येकदा संगणक टाकून देण्यापर्यंत पोहोचतो.

विंडोज ७ वर चालणाऱ्या संगणकांची अडचण मात्र खरी आहे. क्रोमची १०९ ही त्यावरील शेवटची आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली. त्यानंतरचे सुधारित तंत्र वापरणारे खेळ त्यावर उघडतीलच असे नाही. जुन्या संगणकांवर हलकी लिनक्स प्रणाली बसवून अद्ययावत फायरफॉक्स वापरणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे.

फसव्या सूचना

अ‍ॅडोबीने फ्लॅशचे वितरण थांबवले तरी ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे’ ही सूचना आंतरजालावरून गेली नाही. शोधयंत्रात जुन्या खेळाचे नाव घातले की अशी पाने सापडतात. त्यांवरील संचिकांतून ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणारे, जाहिराती लादणारे आणि काही वेळा परवलीचे शब्द चोरणारे प्रोग्राम येतात. ज्या संगणकावर मूल खेळते त्याच संगणकावर घरातील बँकेचे व्यवहार होत असल्यास धोका खेळापुरता राहत नाही. फ्लॅशचे कोणतेही खरे अद्ययावत आज अ‍ॅडोबीकडून सर्वसामान्यांना मिळत नाही. तेव्हा अशी प्रत्येक सूचना खोटी समजण्यास हरकत नाही. जुना खेळ चालावा म्हणून जुना ब्राउझर आणि जुना फ्लॅश जोडीने उतरवून बसवण्याचा सल्लाही काही ठिकाणी दिला जातो. त्याने खेळ चालू शकतो, पण कायमच्या उघड्या राहिलेल्या त्रुटींसह तो संगणक आंतरजालावर येतो.

संगणकावर फ्लॅश शिल्लक असल्यास तो काढून टाकावा, अशी अ‍ॅडोबीचीच सूचना आहे. विंडोज १० मधील अंगभूत फ्लॅश मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये अद्ययावताद्वारे काढला.

जुने खेळ पुन्हा खेळणे

फ्लॅशवरील खेळ सुरक्षितपणे चालवण्याचा आजचा मार्ग म्हणजे रफल. रस्ट या भाषेत लिहिलेला हा मुक्त स्रोत प्रोग्राम फ्लॅश प्लेअरची नक्कल करतो, पण वेबअसेम्ब्लीच्या रूपाने ब्राउझरच्या मर्यादेतच चालतो. भाडेकरूचे रस्त्याकडील दार येथे नाही. संकेतस्थळाने रफल जोडले असेल तर खेळाडूला काहीच बसवावे लागत नाही. नसेल तर ते विस्तार म्हणूनही मिळते. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट अर्काइव्हने रफलच्या साहाय्याने जुने फ्लॅश खेळ व चलचित्रे जतन करण्यास प्रारंभ केला. २०१८ मध्ये सुरू झालेला फ्लॅशपॉइंट हा प्रकल्प फ्लॅशसह शॉकवेव्ह, जावा, युनिटी अशा अनेक प्लगइनांवरील खेळ संगणकावर उतरवून खेळण्याची सोय करतो.

रफलला मर्यादा आहेत. फ्लॅशच्या खेळांत अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ही भाषा वापरली जाई. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांवरील खेळ रफलमध्ये बहुतांशी ठीक चालतात. २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ बरोबर आलेल्या तिसऱ्या आवृत्तीवरील खेळांना मिळणारा आधार अद्याप अपुरा आहे. जे खेळ सर्व्हरशी सतत बोलत, ते सर्व्हर बंद झाल्यावर कोणत्याही नकलेने परत येत नाहीत. फार्मव्हिलची शेते या वर्गात मोडतात.

मराठी पाठ आणि खेळांच्या बाबतीत अडचण अशी की त्यांतील पुष्कळसे आंतरजालावर कधी आलेच नाहीत. ते शाळांना तबकड्यांवरून वितरित झाले. एसडब्ल्यूएफ या विस्तारनामाची संचिका तबकडीवर सुटी असेल, तर ती रफलच्या संगणकावरील आवृत्तीत थेट उघडता येते. ती संचिका ईएक्सई प्रकारच्या प्रोग्रामात बांधलेली असेल तर बऱ्याचदा तिला प्लगइनची गरजच नसते. फ्लॅश प्लेअर तिच्या पोटातच असतो आणि विंडोजवर ती आजही चालू शकते. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दिसण्यासाठी तो टंक त्या संगणकावर बसवलेला असावा लागतो, म्हणून तबकडीची प्रत करताना तिच्यातील ‘फाँट्स’ या नावाची घडीही बरोबर घ्यावी. घरी लिहिलेल्या तबकड्यांवरील रंगद्रव्याचा थर काळाच्या ओघात खराब होतो. ओरखडे पडलेली तबकडी एका वाचकात उघडली नाही, तर ती दुसऱ्या कंपनीच्या वाचकात उघडून पाहावी. वाचकांची चिकाटी कमीअधिक असते आणि शेवटची प्रत अनेकदा अशीच हाती लागते.